नेट सारखं तुटतंय? नवा मोडेम घेण्याआधी जुन्याच मोडेमचं हे पान उघडून बघा

मीटिंग रंगात आलेली असते आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "तुमचा आवाज येत नाहीये." गंमत म्हणजे त्याचा आवाज आपल्याला अगदी स्वच्छ ऐकू येत असतो. स्पीड टेस्ट करावी तर आकडा झकास येतो. मोडेम बंद करून चालू केला की तासभर सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच रडगाणं. कंपनीला फोन लावला की उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून सिग्नल ओके दिसतोय." दोन-तीन आठवडे हे सहन केलं की माणूस वैतागतो आणि नवा मोडेम मागवतो. बॉक्स उघडतो, जोडतो, आणि पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा ऐकतो, "तुमचा आवाज येत नाहीये."

केबल मोडेम वापरणाऱ्या घरांत हे इतकं नेहमीचं आहे की त्याला नशिबाचा भाग मानायची सवय लागते. खरं तर बहुतेक वेळा दोष मोडेममध्ये नसतोच. तो असतो वायरीत, जोडणीत किंवा टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या एखाद्या छोट्याशा डबीत. आणि हे मोडेमला माहीत असतं. तो ते लिहूनही ठेवतो, फक्त ते पान कुणी उघडून बघत नाही.

आधी एक खात्री: तुमच्याकडे केबल मोडेमच आहे ना?

महाराष्ट्रात आज नवं कनेक्शन घेतलं तर बहुतेक वेळा फायबरच येतं. भिंतीतून केसासारखी बारीक, नाजूक वायर येत असेल आणि डबीवर 'लॉस' किंवा 'पॉन' अशी नावं लिहिलेले दिवे असतील, तर तो फायबरचा मामला. तिथे लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाहीये, आणि घरात करण्यासारखं फारसं काही नसतं. वायर कुठे मुडपली नाही ना एवढं पाहायचं आणि तक्रार नोंदवायची.

केबल मोडेमला मात्र टीव्हीची जाड, गोल, बहुधा काळी किंवा पांढरी वायर येते. तिच्या टोकाला पितळी नटासारखा फिरवून घट्ट करायचा जॅक असतो. मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपन्यांनी केबल टीव्हीच्या याच वायरीतून घरोघरी इंटरनेट दिलं, आणि काही जुन्या सोसायट्यांत अशी कनेक्शन्स अजूनही चालू आहेत. पण या तंत्रज्ञानाचं खरं साम्राज्य आहे ते अमेरिका आणि कॅनडात. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्समध्येही ते मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे न्यू जर्सीत किंवा टोरांटोजवळ राहणाऱ्या मराठी घरात इंटरनेट येतंय ते बऱ्यापैकी शक्यतेने याच वायरीतून. रविवारी सकाळी आईबाबांशी व्हिडिओ कॉल लावला की चित्र गोठतं, त्याचं मूळही अनेकदा इथेच असतं.

टीव्हीच्या वायरीतून इंटरनेट येतं कसं?

कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या वस्तीपर्यंत फायबर येतं. वस्तीत एका पेटीत, तिला नोड म्हणतात, प्रकाशाचं रूपांतर रेडिओ लहरींत होतं. तिथून पुढे तांब्याची कोएक्सियल केबल, वाटेत सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर, मग खांबावरचा किंवा जमिनीतला टॅप, आणि टॅपपासून तुमच्या घरापर्यंत एक वायर. त्या एका वायरीत टीव्हीची चॅनेल्स आणि इंटरनेट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर शेजारीशेजारी धावत असतात, जसं एकाच हवेत अनेक रेडिओ केंद्रं असतात तसं.

हे सगळं कोणत्या नियमांनी चालायचं ते 'डॉक्सिस' नावाच्या मानकात ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या केबललॅब्ज या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आणली. २००६ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने अनेक चॅनेल्स एकत्र बांधून वेग वाढवला, आणि ३.१ आवृत्ती २०१३ ची. तुमच्या मोडेमच्या खोक्यावर यांपैकी एखादा आकडा असतोच.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: या वायरीत दोन रस्ते आहेत आणि ते सारखे रुंद नाहीत. कंपनीकडून घराकडे येणारा रस्ता, म्हणजे डाउनस्ट्रीम, प्रशस्त आहे. घरून कंपनीकडे जाणारा, म्हणजे अपस्ट्रीम, ही एक अरुंद बोळ आहे. अमेरिकेत ती बरीच वर्षं ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच होती, युरोपात ५ ते ६५. त्यातून या फ्रिक्वेन्सींवर बाहेरचा गोंगाट सगळ्यात जास्त. तुम्हाला समोरच्याचं ऐकू येतं पण तुमचा आवाज जात नाही, याचं कारण बहुतेकदा ही बोळ असते. आणि ती तुंबली की डाउनलोडही अडखळतं, कारण मिळालेल्या माहितीची पोच पाठवावी लागते ती याच बोळातून.

वाय-फायवर आळ घेण्याआधी

निम्म्या तक्रारी इथेच निकाली निघतात. मोडेमला लॅपटॉप थेट वायरीने जोडा आणि अर्धा तास वापरा. वायरीने उत्तम चालतंय आणि बेडरूममध्ये वाय-फायवर रडतंय, तर हा सिग्नलचा प्रश्नच नाही. राउटरची जागा, भिंती, शेजाऱ्यांचे राउटर, असा तो वेगळा विषय आहे. वायरीनेही तुटत असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट, जी फोनवरचा माणूस कधीच सांगत नाही, उलट पहिल्या मिनिटाला विरुद्धच सांगतो: मोडेम लगेच रीस्टार्ट करू नका. रीस्टार्ट केलं की चुकांचे सगळे आकडे शून्यावर येतात आणि काही मोडेममध्ये नोंदवहीही पुसली जाते. चोरीच्या जागी पोलीस येण्याआधी झाडू मारण्यासारखं आहे हे. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग काय ते रीस्टार्ट.

ते पान

ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी १९२.१६८.१००.१ असं इंग्रजी अंकांत टाइप करा. बहुतेक केबल मोडेम या पत्त्यावर आपलं पान दाखवतात. कंपनीने दिलेला मोडेम आणि राउटर एकत्र असलेला मोठा डबा असेल तर पत्ता वेगळा असू शकतो. अमेरिकेत एक्सफिनिटीच्या डब्यांवर तो १०.०.०.१ असतो. काही ठिकाणी पासवर्ड लागतो, तो डब्याखालच्या स्टिकरवर सापडतो. आत 'स्टेटस' किंवा 'कनेक्शन' नावाच्या भागात आकड्यांची एक लांबलचक सारणी दिसेल. ती पाहून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या चार गोष्टीच आपल्या कामाच्या आहेत.

आकडे डेसिबलमध्ये असतात, आणि डेसिबल हे फसवं माप आहे. ३ ने कमी म्हणजे ताकद निम्मी, १० ने कमी म्हणजे एक दशांश. त्यामुळे उणे ४ आणि उणे ११ हे आकडे शेजारी वाटले तरी दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा ताकद उरलेली असते.

पहिला आकडा डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद. तो डीबीएमव्ही या एककात लिहितात. मानकानुसार उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण त्या टोकांवर कुणी समाधानाने राहत नाही. उणे ७ ते अधिक ७ च्या आत असेल तर उत्तम. शून्याच्या जवळ असणं म्हणजे काही बंद पडलंय असं नव्हे, उलट शून्य हा आदर्श आकडा आहे. अनेकजण इथे फसतात आणि "माझ्याकडे सिग्नल झिरो आहे" म्हणून तक्रार करतात. एकूण ताकदीइतकंच महत्त्वाचं म्हणजे सगळ्या चॅनेल्सचे आकडे एकमेकांच्या आसपास असणं. खालच्या फ्रिक्वेन्सीवर अधिक २ आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर उणे ११ असा उतार दिसला, तर वायर फार लांब, जुनी किंवा पाणी शिरलेली असण्याची दाट शक्यता. कोएक्स वायर वरच्या फ्रिक्वेन्सी नेहमीच जास्त खाते. नेहमीच्या आरजी-६ वायरीत ३० मीटरला खालच्या टोकाला दीड-दोन डेसिबल जातात, तर वरच्या टोकाला सहाच्या आसपास. पाणी शिरलं की हा फरक आणखी वाढतो.

दुसरा आकडा एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकायचं असेल तर तो किती मोठ्याने बोलतोय याला महत्त्व नाही, बँडपेक्षा किती मोठ्याने बोलतोय याला आहे. केबलवर साधारणपणे २५६-क्वाम नावाची पद्धत चालते, जिच्यात लहरीच्या २५६ वेगवेगळ्या अवस्था ओळखायच्या असतात. त्यासाठी हा आकडा किमान ३० ते ३३ लागतो. ३५ च्या वर असेल तर निश्चिंत राहा. ३.१ च्या मोडेममध्ये एक-दोन रुंद चॅनेल्स वेगळ्या ओळीत दाखवतात, त्यांची गरज आणखी थोडी जास्त असते.

तिसरी गोष्ट म्हणजे चुकांचे दोन रकाने: दुरुस्त झालेल्या आणि दुरुस्त न झालेल्या. पाठवलेल्या माहितीबरोबर थोडी जास्तीची माहिती जोडलेली असते. मधले काही तुकडे हरवले तरी तिच्या मदतीने ते परत जुळवता येतात. ओरखडे पडलेली सीडी गाणं न अडखळता वाजायची, त्यामागे गणिताची हीच युक्ती होती. म्हणून दुरुस्त झालेल्या चुका हजारोंनी दिसल्या तरी काळजी नको, यंत्रणा आपलं काम करतेय. दुरुस्त न झालेल्या चुका म्हणजे मात्र हरवलेली माहिती, आणि कॉलमध्ये "रोबोटसारखा आवाज येतोय" ती हीच. मोडेम सुरू होताना त्या थोड्या पडतातच. त्यामुळे एकदा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. आत्ता बघा, तासाभराने पुन्हा बघा. तो शेकड्या-हजारांनी वाढत असेल तर दुखणं खरं आहे.

"आमच्याकडून ओके दिसतोय" याचा अर्थ

चौथा आकडा अपस्ट्रीम पॉवर, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

पहिले तीन आकडे मोडेमला काय ऐकू येतंय ते सांगतात. हा चौथा सांगतो की कंपनीपर्यंत आवाज पोहोचवायला मोडेमला स्वतः किती ओरडावं लागतंय. म्हणजे इथे मोठा आकडा चांगला नसतो. वाटेत अडथळा असला की कंपनीचं यंत्र मोडेमला सांगतं, "मोठ्याने बोल." मोडेम आवाज चढवतो. अजून अडथळा, अजून मोठ्याने. ३८ ते ४८ च्या दरम्यान असेल तर तो आरामात बोलतोय. ५० च्या पुढे गेला की त्याला धाप लागायला लागते, आणि चार अपस्ट्रीम चॅनेल्स एकत्र चालू असताना ३.० च्या मोडेमची मर्यादा साधारण ५१ वरच येते. त्यापुढे तो ओरडू शकत नाही. मग एखादं चॅनेल गळतं, किंवा सगळंच तुटतं आणि मोडेम पहिल्यापासून सुरू होतो.

आता फोनवरच्या माणसाच्या जागी बसा. कंपनीच्या टोकाला पोहोचणारा सिग्नल त्यांनीच ठरवलेल्या पातळीवर आहे, कारण मोडेम तो तसा ठेवण्यासाठी जिवाचं रान करतोय. त्याला पडद्यावर हिरवा दिवा दिसतो. तो खोटं बोलत नाही. जिना चढून आलेला माणूस दारात हसतमुख उभा असला तरी त्याचे पाय किती दुखतायत ते दारातून दिसत नाही, तसंच हे आहे. मोडेम किती ताकद लावतोय हा आकडा कंपनीलाही बघता येतो, पण तुम्ही तो विचारल्याशिवाय पहिल्या पायरीवर सहसा कुणी बघत नाही.

हीच गोष्ट नोंदवहीतही उमटते. 'इव्हेंट लॉग' नावाच्या भागात टी-३ आणि टी-४ टाइम-आउट अशा ओळी शोधा. टी-३ म्हणजे मोडेमने हाक मारली आणि ठरलेल्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात, कंपनीकडून ओ आली नाही. लागोपाठ १६ वेळा असं झालं की मोडेम ते चॅनेल सोडून देतो. टी-४ म्हणजे ३० सेकंदांच्या आसपास कंपनीकडून मोडेमला बोलण्याची पाळीच मिळाली नाही. दिवसाकाठी एखादा टी-३ कुणाकडेही दिसेल. तासाला दहा दिसत असतील आणि अपस्ट्रीम ५० च्या पुढे असेल, तर मोडेम बदलून काही होणार नाही. नवा मोडेमही त्याच वायरीतून ओरडणार आहे.

घरातली झडती

आता सोफा सरकवा. टीव्हीमागे, माळ्यावर, तळघरात किंवा बाहेरच्या पेटीत एक चपटी धातूची डबी सापडेल. एका बाजूला एक वायर आत, दुसऱ्या बाजूला दोन, तीन, चार वायरी बाहेर. हा स्प्लिटर. घरातला क्रमांक एकचा संशयित तोच.

स्प्लिटर सिग्नल वाढवत नाही, तो फक्त वाटणी करतो. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात, आठ तोंडांचा अकरा. आणि तो दोन्ही दिशांना खातो. येणारा सिग्नल तेवढा कमी होतो आणि मोडेमला तेवढंच जास्त ओरडावं लागतं.

समजा एडिसनमधल्या एका घरात मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम उणे ११, एसएनआर ३२ आणि अपस्ट्रीम ५१ दिसतंय. तळघरात चार तोंडांचा स्प्लिटर निघाला. आधीच्या भाडेकरूने चार खोल्यांत टीव्ही लावले होते, आज त्यातला एकही नाही. तीन वायरी नुसत्याच भिंतीत जाऊन संपतायत. स्प्लिटर काढून आत येणारी वायर मोडेमच्या वायरीला एका छोट्या सरळ जोडणीने जोडली, तर हिशेबाने डाउनस्ट्रीम उणे ४ वर येईल आणि अपस्ट्रीम ४४ वर. मोडेमची धाप गेली. खर्च एका जोडणीचा, वेळ दहा मिनिटं.

स्प्लिटर हवाच असेल तर त्यावर छापलेली फ्रिक्वेन्सी वाचा. ५ ते १००० मेगाहर्ट्झ किंवा जास्त असं हवं. आपल्याकडे घरात पडलेला डीटीएचचा स्प्लिटर लावून मोकळे होणारे बरेच असतात. पण छत्रीवरून घरात येणारा सिग्नल ९५० मेगाहर्ट्झच्या पुढचा असतो आणि फक्त त्याच्यासाठी बनवलेली डबी खालच्या फ्रिक्वेन्सींना दारच उघडत नाही. मोडेमला सगळ्यात कमी खाणारं तोंड द्या. तीन तोंडांच्या स्प्लिटरवर बरेचदा एका तोंडाजवळ साडेतीन आणि उरलेल्या दोघांजवळ सात असं लिहिलेलं असतं. साडेतीनचं तोंड मोडेमचं. रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमची टोपी लावावी, ती चार आण्याची वस्तू असली तरी काम मोठं करते.

दुसरा संशयित जॅक. हाताने फिरवून बघा, सैल असेल तर आधी हाताने घट्ट करा, मग पान्याने अगदी पाव वळसा. मोडेमवरच्या जॅकवर जोर लावू नका, तो आतल्या पट्टीला जोडलेला असतो आणि तुटला तर मोडेम खरंच बदलावा लागेल. जॅक उघडून मधली तांब्याची तार बघा. ती सरळ, चकचकीत आणि जॅकच्या कडेपर्यंत आलेली हवी. हिरवट किंवा काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला असेल तर तेवढंही सिग्नलची वाट लावायला पुरतं. पिळून बसवलेले जुने जॅक आणि 'आरजी-५९' लिहिलेली बारीक वायर दिसली तर बदलून टाकलेली बरी.

सिग्नल कमी म्हणून बाजारातून बूस्टर आणून लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि टीव्हीसाठी बनवलेले कित्येक बूस्टर परतीचा रस्ताच बंद करतात. घरात टीव्ही छान दिसतो आणि इंटरनेट मात्र मेलेलं, असं चित्र दिसलं तर मधे कुठे बूस्टर आहे का ते आधी पाहा. उलटा प्रकारही होतो: घर टॅपच्या अगदी शेजारी असलं की डाउनस्ट्रीम अधिक १२-१३ वर जातं आणि मोडेमचे कान बसतात. तिथे ६ डेसिबलचा अटेन्युएटर नावाचा छोटा तुकडा जॅकवर लावला की भागतं.

एक इशारा मात्र गंभीर आहे. जॅक उघडताना ठिणगी उडाली, झटका बसला किंवा वायर गरम लागली, तर हात काढून घ्या. अमेरिकेतल्या घरांत विजेची न्यूट्रल तार तुटली तर परतीचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो. तो इंटरनेटचा प्रश्न राहत नाही, आधी वीज कंपनीला फोन करायचा. भिंतीबाहेरच्या अर्थिंगच्या जोडणीच्या पलीकडची वायर, टॅप आणि खांब तर कंपनीचे. तिकडे चढायचं नाही.

पाऊस, ऊन आणि शेजारी

नेट कधी तुटतं याची वेळ लिहून ठेवली तर अर्धं निदान होतं. पाऊस पडल्यावर तुटतं आणि दोन दिवस ऊन पडलं की सुधारतं, तर कुठल्यातरी जोडणीत पाणी शिरतंय. वायर घरात शिरण्याआधी खाली झोका घेऊन मग वर यायला हवी, म्हणजे पाणी झोक्यावरून ठिबकून जातं. ती सरळ उतरत भोकात शिरत असेल तर पागोळ्यांचं पाणी थेट जॅकमध्ये. भर उन्हाळ्यात दुपारी त्रास होत असेल तर तापलेली वायर जास्त सिग्नल खातेय. कडाक्याच्या थंडीत धातू आकसतो आणि कशीबशी टिकलेली जोडणी सुटते.

मुंबई-पुण्यातल्या इमारतींत आणखी एक कारण असतं. केबलवाल्याचा अँप्लिफायर जिन्यात किंवा गच्चीवर इमारतीच्याच विजेवर चालतो. वीज गेली की तुमचा मोडेम इन्व्हर्टरवर जिवंत, पण अँप्लिफायर मेलेला. मग मोडेमला शिव्या घालण्यात अर्थ नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर हे कारणही विनोदी वाटलं तरी खरं आहे.

रोज रात्री आठ ते अकरा नेट मंद होतं, पण पानावरचे चारही आकडे सुंदर आहेत? मग हा सिग्नलचा बिघाड नव्हे, गर्दी आहे. एका नोडवरची सगळी घरं तोच रस्ता वाटून घेतात. यावर घरात कसलाही इलाज नाही. नवा मोडेम घेऊन फार तर थोडा फरक पडेल, तोही जुना मोडेम मोजकीच चॅनेल्स पकडणारा असेल तर.

आणि शेजारी. अपस्ट्रीममध्ये एका नोडवरच्या सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होऊन कंपनीकडे पोहोचतो, गटारं जशी एका नाल्याला मिळतात तसा. एका घरातला सैल जॅक किंवा एखादं बिघडलेलं उपकरण सगळ्या गल्लीला त्रास देऊ शकतं. याचं गाजलेलं उदाहरण वेल्समधल्या अबरहोसान या गावचं आहे, मात्र तिथलं इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवरचं होतं. १८ महिने रोज सकाळी ७ वाजता गावभर इंटरनेट कोलमडायचं. केबल बदलून झाल्या, फरक पडेना. शेवटी ओपनरीचचे इंजिनियर पहाटे ६ वाजता यंत्र घेऊन गावात फिरले, आणि ७ च्या ठोक्याला गोंगाटाचा उगम सापडला: एक जुना टीव्ही, जो एका घरात रोज त्या वेळी सुरू व्हायचा. ही हकिगत २०२० मध्ये जगभर छापून आली. टीव्हीच्या मालकांना कळल्यावर फार ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी तो पुन्हा लावला नाही.

गळतीची उलटी बाजूही आहे. सैल जोडणीतून केबलचा सिग्नल बाहेर झिरपतो, आणि केबलमधल्या काही फ्रिक्वेन्सी विमानांच्या रेडिओ संपर्काच्या पट्ट्याशी जुळतात. त्यामुळे अमेरिकेत केबल कंपन्यांवर अशी गळती शोधून बंद करण्याचं कायदेशीर बंधन आहे. तुमच्या घरातला सैल जॅक शोधायला कंपनीची गाडी गल्लीतून फिरते, त्यामागे हे कारण असतं.

कंपनीशी बोलताना

घरातला स्प्लिटर काढून झाला, जॅक घट्ट झाले, मोडेम थेट आत येणाऱ्या पहिल्या वायरीवर लावून पाहिला आणि तरीही आकडे वाईट, तर दोष बाहेर आहे आणि आता कंपनीची पाळी. हा थेट वायरीवरचा प्रयोग चुकवू नका. दोष घरातल्या वायरिंगचा निघाला तर अनेक कंपन्या भेटीचे पैसे लावतात. बाहेरचा निघाला तर सहसा लावत नाहीत. "मोडेम थेट लावूनही असंच आहे" हे वाक्य म्हणूनच मोलाचं आहे.

"नेट स्लो आहे" म्हणू नका. त्या वाक्याला उत्तर एकच, "रीस्टार्ट करून बघा." त्याऐवजी म्हणा: "अपस्ट्रीम ५२ आहे, कालपासून ४० टी-३ टाइम-आउट आलेत, दुरुस्त न झालेल्या चुका तासाला दोन हजारांनी वाढतायत, घरात स्प्लिटर नाही. टेक्निशियन पाठवा." तीन-चार दिवसांचे, तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. टेक्निशियन येईल त्या वेळी नेट हमखास उत्तम चालतं, हा तर सार्वत्रिक अनुभव. अशा वेळी तेच स्क्रीनशॉट त्याच्यासमोर धरता येतात. शेजाऱ्यांनाही तसाच त्रास असेल तर त्यांनाही तक्रार नोंदवायला सांगा, कारण एकाच नोडवरून दोन-तीन तक्रारी गेल्या की बघणारा माणूस घर सोडून खांबाकडे बघायला लागतो.

काम झाल्यावर टेक्निशियन गाडीत बसायच्या आत त्याच्यासमोरच ते पान पुन्हा उघडा आणि चारही आकड्यांचा एक स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढच्या पावसाळ्यात किंवा थंडीत पुन्हा कुरकुर सुरू झाली, तर नेमकं काय बदललं ते त्याच्याशी ताडून दोन मिनिटांत कळेल.